गोवर्धनच्या गाडीला लेकरू मिळेना

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात सोनवळमध्ये बातमी उठली, की ड्रायव्हर गोवर्धनच्या बायकोला दिवस गेले. संध्यावहिनी चव्वेचाळीस वर्षांच्या, एकुलती एक लेक अकोल्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पण बातमीला वय कोण विचारतं? गिरणीवर दळण टाकायला गेलेल्या बाया पिठाचे डबे तिथंच ठेवून घरोघरी सांगायला निघाल्या. पानठेल्यावर तर कारणही ठरलं. "अबे, गाडी वाचवाले थो घरूनच पेशंट तयार करून राहिला!"

बातमी साफ खोटी. संध्यावहिनींनीच गिरणीसमोर कमरेवर हात ठेवून, शेवटच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात निकाल दिला, "मले काई नाई झालं! पोट दिसते थे वांग्याच्या भाजीचं हाय. जिले मोजाचं असन तिनं टेप घेऊन या!" खरं एवढंच होतं, की गोवर्धन पंधरवडाभर गावात लेकरू शोधत फिरत होता. स्वतःचं नाही, कोणाचंही. किराणा दुकानात, शाळेच्या ओट्यावर, एकदा तर तेरवीच्या पंगतीत तो शेजारच्याच्या कानाशी लागला, "तुमच्याकडं काई गोड बातमी?" इतकी चौकशी करणाऱ्याच्या घरीच काहीतरी असणार, असं गावानं गणित मांडलं.

गोवर्धन सोनवळच्या सरकारी दवाखान्यात मायलेकरांची गाडी चालवायचा. अडलेल्या बाईला घरून आणायचं, गरज पडली तर अमरावतीला न्यायचं, आणि ती मोकळी झाली की बाळासकट घरच्या दारात सोडायचं, हे काम. एकोणीस वर्षं त्यानं ते केलं. त्याआधी तो नांदगाव खंडेश्वर ते अमरावती काळीपिवळी हाकायचा. अशी, की आतल्या माणसांचे दात वाजायचे. ही गाडी हाती आली आणि माणूस बदलला. इथली सडक काळ्या मातीवर. दर पावसाळ्यात माती फुगते आणि डांबर लाटा धरतं. गोवर्धनला एकेक लाट पाठ होती. कळा देणाऱ्या बाया नवऱ्याला शिव्या घालायच्या, सासूला घालायच्या, पोटातल्या लेकरालाही घालायच्या. गोवर्धनला मात्र एकीनंही घातली नाही.

आणि परतीची फेरी! गाडी दाराशी लागली की घरातली आजी बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची, मग गोवर्धनच्या कपाळाला कुंकू, हातात नारळ, मुलगा असला तर पेढे, मुलगी असली तर बर्फी. सुखवस्तू घर असलं तर टॉवेल-टोपी. तो "अरे, कायले, कायले" म्हणायचा आणि टोपी घालूनच गाडीत बसायचा. सोनवळमध्ये दोन पोट्ट्यांची नावं गोवर्धन आहेत. दोघंही आता पुण्यात.

तिथंच सगळं बिघडलं. पोट्टे पुण्याला गेले, पोट्ट्या पुण्याच्या नवऱ्यांना गेल्या आणि वावरात राहिलेल्यांना पस्तिशी उलटली तरी कोणी मुलगी देईना. ज्यांना झालं त्यांना एकच झालं. आरती सिस्टरच्या रजिस्टरात पूर्वी महिन्याला वीस-बावीस बाळंतपणं असायची. आता दोन झाली तर ती खुशीनं सगळ्यांना चहा सांगायची. बाळंतपणाच्या खोलीत वॉकर आणि कमोडच्या खुर्च्या येऊन पडल्या. अंगणवाडीची खिचडी सात लेकरांना खाऊन उरायची आणि बीपीच्या गोळ्या वीस तारखेलाच संपायच्या. मंगळवारी शुगर तपासायला साठ बुढे-बुढ्या रांगेत; डॉक्टर एक, सिस्टर एक आणि यंत्राच्या पट्ट्या चाळीस.

मग आला भगवंत.

भगवंत एकोणतीस वर्षांचा, कानात बाळी, दाढी कोरलेली. नव्यानं निघालेली ज्येष्ठांची गाडी त्याच्याकडे. डायलिसिसला अमरावती, मोतीबिंदूला अमरावती, गुडघ्याला अमरावती. त्याचा फोन सकाळी सातला जो वाजायला लागायचा तो दिवे लागेपर्यंत. पहिल्याच दिवशी त्यानं गोवर्धनला हाक मारली, "काका, तुमची गाडी जरा शेडच्या बाहेर घेता का? आमच्या बुढ्यायले उन्हात चढोलं तं चक्कर येते."

आमच्या बुढ्यायले! एका दिवसात त्याचे झाले. दवाखान्याला पत्र्याचं शेड एकच, आणि एकोणीस वर्षं त्याखाली मायलेकरांची गाडी. गोवर्धननं गाडी बाहेर लिंबाखाली लावली. त्या दिवसापासून त्याच्या गाडीवर पाखरांची शिट पडायला लागली आणि त्याच्या मनात भगवंत.

भगवंतच्या गाडीत पुढं पेरू असायचे, भाजलेल्या शेंगा असायच्या, कोण्या बुढीनं दिलेली लोणच्याची बाटली असायची. सिस्टरचा चहा आधी भगवंतला. भगवंत चहा पिताना दर दोन घोटांनी फोन उचलायचा, "हो आजी, येऊन राहिलो ना आजी, दात घेऊन बसजा आजी." गोवर्धन लिंबाखाली बसून ऐकायचा, आणि भगवंत आत गेला की हळूच त्याच्या गाडीचं टायर पाहून यायचा. घासून गुळगुळीत झालेलं. गोवर्धनच्या टायरावर अजून नव्या रबराचे केस उभे होते. कोणी दुसऱ्याच्या बायकोकडं पाहत नाही इतक्या चोरून तो दुसऱ्याच्या टायराकडं पाहायचा.

कडेलोट केला तो त्याच्याच आईनं. पार्बताबाई ब्याऐंशी वर्षांची, ऐकायला कमी, बोलायला जास्त. ती एका मंगळवारी भगवंतच्या गाडीतून उतरली.

"आई, तू त्याच्या गाडीत काहून बसली?"

"मंग कोणाच्या बसू? तुह्या गाडीत बसाले मले पोट पाह्यजे ना!"

भगवंत हसला. सिस्टर हसली. रांगेतले साठ म्हातारे, ज्यांना एरवी ऐकू येत नाही तेसुद्धा हसले.

नागपंचमीनंतर तालुक्याहून पत्र आलं. सोनवळला एकच गाडी राहील. दसऱ्यानंतर साहेब येतील, दोन्ही गाड्यांच्या फेऱ्या पाहतील. जिच्या कमी, ती मेळघाटात धारणीला जाईल. तिकडं अजून लेकरं होतात. गाडीसोबत तिचा ड्रायव्हरही जाईल.

धारणी म्हणजे इथून उठून डोंगर ओलांडून पार पलीकडं. आई घर सोडायला तयार नाही. "मी नाई येत," तिनं खाटेचा पाय धरून सांगितलं, जणू आत्ताच कोणी उचलायला आलं होतं. संध्यावहिनी म्हणाल्या, "आईले मी पाहीन. आंघोळ घालीन, उचलीन, सारं करीन. पण माह्यी कंबर गेली तं मले कोण पाह्यन? एक पोरगी, थे अकोल्याले." गोवर्धनकडं याला उत्तर एकच होतं, फेऱ्या. आणि फेऱ्यांसाठी लेकरं.

तो आरती सिस्टरकडे गेला. "सिस्टर, यंदा कोणी दिसून राहिलं का?"

"गोवर्धनभाऊ, एक विचारू? तुम्हाला किती?"

"एक."

"मग गावानं काहून चार करावे?"

गोवर्धन गेला आणि स्वच्छ असलेली गाडी पुन्हा धुतली.

अशात त्याला मनकर्णाबाई दिसली. नत्थुजींची बायको, सत्तरीतली, अंगानं काडी, कारभारानं पाटलीण. भादवा लागला होता, पाऊस पडत होता आणि मनकर्णाबाई किराणा दुकानात अर्धा किलो डिंक मागत होती. डिंक, खारीक, मेथ्या, गोडंबी. डिंकाचे लाडू म्हातारी माणसं खातात ती थंडीत. ऐन भादव्यात डिंक घेणाऱ्या घरात एकच गोष्ट असते, हे गोवर्धनला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याचं काळीज गाडीच्या हॉर्नसारखं वाजलं.

मग त्यानं त्या घरावर डोळा ठेवला. मनकर्णाबाईची लेक आकांक्षा पुण्याहून पोळ्याला आली होती, ती परत गेलीच नाही. सैल गाऊन घालते, घराबाहेर पडत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात आणतात. हिशेब बरोबर बसला. दोन दिवसांनी ओसरीत बाज नव्यानं विणणं सुरू झालं, चांगली घट्ट. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी वाळत पडली, एक नाही, चौदा. तेल लावणारी बाई सकाळी त्या घरी जायला लागली. बाज, दुपटी, तेल, डिंक! आता फक्त पाळणा टांगायचा राहिला होता.

थेट विचारायची सोय नव्हती. अशी गोष्ट विचारली की दृष्ट लागते. आणि घरची माणसं स्वतःहून बोलत नव्हती, म्हणजे तर नक्कीच. आरती सिस्टर म्हणाली, "माझ्या रजिस्टरला आकांक्षाचं नाव नाही," तर हा म्हणतो, "पुण्याले असन नोंदवलं. शिकेल लोकं हायेत." घरात नत्थुजी दिसत नाहीत, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. म्हाताऱ्यांच्या बातम्या म्हणजे भगवंतचा इलाखा. तिकडं त्यानं कानच बंद केले होते.

उलट भगवंतला जाऊन सांगितलं. "तुह्ये बुढे राहू दे बाजूले. दसऱ्याच्या आत माह्या गाडीत लेकरू येते. नत्थुजीचा नातू."

"नत्थुजीचा?" भगवंतनं पेरूचा चावा अर्ध्यात थांबवला. "काका, थे तं..."

"बस! जास्त बोलू नको. दृष्ट लागते."

भगवंत खांदे उडवून पेरू खात राहिला. त्यातही गोवर्धनला त्याची जळफळच दिसली. खूप दिवसांनी भाकर गोड लागली म्हणे.

दसऱ्याच्या पाच दिवस आधी, दुपारी तीनला गोवर्धनचा फोन वाजला. मनकर्णाबाई. रडवेली. "गोवर्धनभाऊ, गाडी घेऊन ये रे बाप्पा, लवकर ये!" पुढचं त्यानं ऐकलंच नाही. आरती सिस्टरला हाताला धरून गाडीत बसवलं, बाळंतपणाची पेटी, गरम पाण्याचा थर्मास, नवा टॉवेल. भगवंत डायलिसिसवाल्यांना घेऊन अमरावतीला गेलेला. शेड रिकामं पाहून गोवर्धनला वाटलं, परत आल्यावर आज गाडी तिथंच लावायची.

तो थर्मास घेऊन ओसरीत शिरला. समोर आकांक्षा उभी. "कळा कितीक वेळाच्या अंतरानं येऊन राहिल्या?" त्यानं विचारलं.

"कुठल्या कळा, काका?"

गोवर्धननं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या पोटाकडं, जे संध्यावहिनींच्या पोटाहूनही सपाट होतं. मग बाजेकडं. बाजेखाली, चौदा दुपट्यांच्या ढिगाशेजारी नत्थुजी पडले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. श्रावणात लकवा झाला, डावी बाजू गेली; आज बाजेवरून कूस बदलताना खाली आले आणि मांडीचं हाड खुब्यात मोडलं. डिंक त्यांचा. तेल त्यांचं. आकांक्षा पुण्याचं ऑफिस लॅपटॉपवर घेऊन बसली होती ती त्यांच्यासाठी.

सिस्टर हळूच म्हणाली, "गोवर्धनभाऊ, आपल्या गाडीत चालत नाही. नियम आहे." आकांक्षानं मोठ्या ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती दुसऱ्या तालुक्यात अपघातावर गेलेली, दोन तास लागणार.

नत्थुजींनी डोळे उघडले. गोवर्धनला पाहिलं. आणि म्हणाले, "भगवंत नाई आला?"

माणूस जमिनीवर मोडून पडलाय, गाडी दारात उभी आहे, आणि याला भगवंत पाहिजे! त्या क्षणी गोवर्धनला नियमाची भीती वाटली नाही, नत्थुजींची दयाही नंतर आली. आधी आला तो पेटून उठलेला मत्सर. नेतोच याला. असा नेतो की पुन्हा भगवंतचं नाव घेतलं नाही पाहिजे.

"धरा रे चौघं," तो म्हणाला, आणि चौघं नव्हते. गल्लीत तरुण माणूस एकही नाही. शेवटी गोवर्धन, दोन बाया आणि शेजारचे एकाहत्तर वर्षांचे पंजाबराव यांनी नत्थुजींना दुपट्यांसकट उचललं. पंजाबरावांना नंतर आठ दिवस पाठीला पट्टा लागला, तो भाग वेगळा.

मग अमरावतीपर्यंत गोवर्धननं गाडी चालवली ती एकोणीस वर्षांत चालवली नव्हती अशी. कुठं लाट आहे तिथं आधीच क्लच, कुठं भेग आहे तिथं तिरकी चाकं. आकांक्षा मागं वडिलांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "काका, थोडं जोरात?" "जोरात नेलं तं हाड सरकन. तू गप बस, बाई. माह्या गाडीत आतापर्यंत कोणी ओरडलं नाई." खरं तर सगळ्याच ओरडायच्या, पण त्याच्यामुळं नाही. अर्धी सडक मागं पडली तेव्हा नत्थुजींना डुलकी लागली होती. मोडल्या हाडाचा माणूस, आणि घोरत होता.

फेरीच्या वहीत काही लिहू नका, असं सिस्टरनं बजावलं. गोवर्धननं लिहिलं. नाव नत्थुजी, वय ७८, बाळंतपण नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा इतकं बरोबर लिहिलं, आणि तिसऱ्या दिवशी तालुक्याहून खुलासा मागणारा कागद आला.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी साहेब आले. मंगळवार म्हणजे शुगरचा दिवस. साठ म्हातारे काठ्या लावून बसलेले. साहेबांनी दोन्ही वह्या उघडल्या. भगवंतच्या एकशे बारा फेऱ्या. गोवर्धनच्या पाच, त्यातली एक चुकीची.

"ठरलं मग," साहेब म्हणाले. "मायलेकरांची गाडी धारणीला. ड्रायव्हर गोवर्धन..."

"थांबा सायेब," मनकर्णाबाई रांगेतून उठली. "गाडी कोणतीबी न्या. पण हा माणूस ठेवा."

"का?"

"भगवंत पोरगा सोन्यासारखा हाय. पण गाडी चालवते का ट्रॅक्टर? तिकडं डोळे दाखवाले गेलेले लोक घरी येते थे कंबर धरून. आमच्या यायले मोडलं हाड घेऊन झोप लागली याच्या गाडीत!"

मग रांगच बोलायला लागली. माझा मणका. माझा गुडघा. माझे दात खिडकीबाहेर गेले. साठ जणांना बोलायला विषय मिळाला की साहेब काय करणार? पार्बताबाईला काय चाललंय ते नीट ऐकू आलं नव्हतं, पण सगळे ओरडतायत म्हणून तीही ओरडली, "हो! बरोबर हाय!"

भगवंतचं तोंड एवढंसं झालं. पेरू देणाऱ्या याच बाया! तो पुढं आला. "सायेब, मी जातो धारणीले. जिथं माणसं तोंडावर थुकत नाई तिथं बरं." पहिल्यांदाच त्या दिवशी कोणाला तरी गोवर्धनचा हेवा वाटला, आणि गोवर्धननं तो पोटभर पाहून घेतला.

असा गोवर्धन राहिला. आई खाटेवर राहिली, संध्यावहिनींची कंबर वाचली, ज्येष्ठांची गाडी शेडखाली, किल्ली गोवर्धनच्या खिशात, पुढच्या काचेशी पेरू. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण भगवंत फोटो पाठवायला लागला. दवाखान्याच्या ग्रुपवर, रोज सकाळी. धारणीचं पहिलं लेकरू. दुसरं लेकरू. जुळी. भगवंत टोपी घालून, कपाळाला कुंकू, दोन्ही हातांत नारळ. गोवर्धन चष्मा चढवून फोटो बोटांनी मोठा करायचा आणि चुका काढायचा. "दुपट्यात असं गुंडाळतात का? कान उघडा हाय लेकराचा. आन् गाडी पाहा, माह्या गाडीचं काय करून ठेवलं, आरशाले मोरपीस बांधलं गधड्यानं!" मागं बसलेल्या बुढ्या म्हणायच्या, "गोवर्धन, काहून रे तोंड पाडून बसला?" "ऊन लागलं," तो सांगायचा. कार्तिकात.

हे सगळं शेजारच्या ओट्यावरून पाहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेनं त्याला एक दिवस सरळ सांगितलं, की काका, तुम्ही तुळशीच्या लग्नापर्यंत धारणीला बदली मागणार. लावता पैज? गोवर्धन म्हणाला, "लाव." हरेल त्यानं सोमवारच्या फेरीला चालत्या गाडीत, अमरावती येईपर्यंत, सगळ्या म्हाताऱ्यांची नखं कापायची. ही अट त्याचीच. प्रस्तुत लेखिकेला वाटलं, बरं झालं, तेवढीच त्याला म्हाताऱ्यांची सवय होईल; गाडी चालवणारा नखं कापणार कशी, हे तेव्हा सुचलंच नाही.

तुळशीचं लग्न झालं. अर्ज गेला नाही. लिहिला होता, हे संध्यावहिनींनी सांगितलं. तीनदा लिहिला, सही केली, आणि दर सोमवारी निघताना फाडून चुलीत टाकला. असं का, विचारल्यावर गोवर्धननं मान फिरवूनही पाहिलं नाही.

"तिकडं भगवंत हाय ना. एका दवाखान्यात दोघं गेलो तं पुन्हा त्याचाच फोन आधी वाजन."

तर त्या सोमवारी अकरा म्हातारे, एकशे दहा बोटं हाताची आणि तेवढीच पायाची. शेवटी नत्थुजी, खुब्यात सळई घालून आलेले, आणि त्यांच्या अंगठ्याचं नख म्हणजे गोडंबीवरचं टणक टरफल. कात्री हातात धरून प्रस्तुत लेखिका धक्क्याची वाट पाहत होती, की निदान सांगता येईल, गाडी हलली म्हणून जमलं नाही. अमरावतीतला राजापेठेचा चौक आला, ट्यूशनवाल्या पोरांच्या गाड्या डावीउजवीकडून घुसल्या, तरी गाडी हलली नाही. नख कापून झालं. आरशात गोवर्धनचे दात दिसत होते.